खंदकातलं गवत

बेळगावच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेलं
सगळ्यात जुनं सैन्य गवताचं.
दिवाळी झाली की बोर्डाच्या हापिसात त्याचा लिलाव निघायचा.
बोली हिंदीत, पावती कन्नडमध्ये,
आणि आमचा बा, भरमाण्णा होनगेकर,
मनातल्या मनात मराठीत मोजायचा:
इतक्या पेंढ्या, इतक्या म्हशी, इतकं दूध.

पाचच्या बिगुलाला कॅम्पातली पोरं उठायची.
आम्ही त्याच्या आधी खंदकात.
खालून किल्ला किल्ल्यासारखा दिसत नाही.
ओला काळा दगड, फटीतनं उतरलेलं पिंपळाचं मूळ,
आणि फार वर, आभाळाला टेकलेले
एका पहारेकऱ्याचे बूट.
बा म्हणायचा, बघून घाल गं पाय,
साप कुणाच्या बाजूचा हाय ते इचारत न्हाई.

विळा मधेच खण्ण करायचा.
घोड्याचा नाल. शिशाची गोळी.
सोड्याच्या बाटलीतली हिरवी गोटी, ती माझी.
सगळं बिस्किटाच्या डब्यात.
शाळेतले देसूरकर मास्तर एकदा डबा उघडून बसले,
आदिलशाहीतलं असेल म्हणाले, नाही तर इंग्रजांचं,
नाही तर परवाचंही असेल,
आणि चहा पिऊन गेले.

त्यातलंच एक पितळी बटण
आईनं ओमाण्णाच्या शर्टाला लावलं,
भरतीच्या आदल्या रात्री, कंदिलाजवळ.
मैदानावर अडीचशे पोरं उघड्या अंगानं उभी,
कोवाडची, खानापूरची, पार निपाणीकडची.
छाती मोजणाऱ्या हवालदाराला
ओमाच्या हातातल्या शर्टावर ते चमकताना दिसलं.
कुठल्या पलटणीचं रे हे?
खंदकाच्या, म्हणाला ओमा.

हवालदार हसला म्हणे. फीत मात्र हसली नाही.

आमच्याकडं ‘पण’ म्हणायला ‘खरं’ म्हणतात.
पुण्याचे पाहुणे गोंधळतात, त्यांना वाटतं
आम्ही बोलता बोलता शपथ घेतोय.
पळाला सगळ्यांच्या पुढं, खरं अर्धा इंच कमी.
आई हे वाक्य वर्षभर सांगत राहिली,
गल्लीत, डेअरीत, चाफ्याखालच्या नळावर,
आणि दर वेळी ‘खरं’पाशी थांबायची.

त्या उन्हाळ्यात बा आम्हाला यळ्ळूरच्या गडावर घेऊन गेला.
ओमा दोन महिने कुणाशी बोलला नव्हता.
बुरुजावर वारा असा की टोपी हातात धरावी लागे.
मी पुस्तकातलं काहीतरी म्हणाले,
महिपाळगड तिकडं महाराष्ट्रात, हा इकडं,
वरनं बघितलं तर सगळं एकच दिसतंय.
बा चिडला.
एक कसं? डोळे हायत का न्हाईत?
तिकडं नुसतं कुसळ, जनावराच्या जिभेला टोचणारं.
हिकडं मारवेल.
आणि लांब शहराच्या कडेला बोट करून म्हणाला,
ती हिरवी कड दिसते का? ते आपलं.

ओमानं बराच वेळ तिकडं बघितलं.
उतरताना त्यानं बटण तोडून बाच्या हातात दिलं.
दुसऱ्या दिवशी विळा घेऊन पुढं चालू लागला.

लिलाव बंद होऊन आता नऊ वर्षं झाली.
मशीन येतं, दुपारपर्यंत कापून जातं,
ट्रॅक्टर कुठं जातो कळत नाही.
ओमा हुबळीला, गोदामावर वॉचमन;
त्याच्या खाकीला प्लास्टिकची बटणं.
बा अजून पाचला उठून बसतो.
बिगुल म्हशींसाठी वाजतो अशी त्याची समजूत झालीय.
मी काढत नाही ती.
म्हशी दोनच. एक आटलेली.

सकाळी कुंद्यावाल्याकडं दूध घालायला जाते.
कढईत खवा लालसर होईपर्यंत हलवत
तो कुरकुरतो, पूर्वीची दाटी न्हाई यात.
काय झालं, खंदक बुजिवला काय?

न्हाई वो,
खंदक हाय तिथंच,
खरं